भुरीचा कान

तोंडावर सगळे तिला काकू म्हणत आणि माघारी कडक काकू. इस्त्रीचं दुकान तिचं. शर्टाची कॉलर ती अशी करून द्यायची की घालणाऱ्याला मान ताठ ठेवण्यावाचून इलाज नसे, आणि गिऱ्हाईक उशिरा आलं तर त्याची अशी बिनपाण्याने करायची की तीच मान पुन्हा खाली जाई.

दुकान म्हणजे रस्त्याकडे तोंड करून बसलेली एक खोली. पुढे लाकडी टेबल, मागे धुण्याचं यंत्र, भिंतीला खिळे, खिळ्यांना गिऱ्हाइकांच्या पिशव्या. टेबलाच्या उजव्या अंगाचा एक खिळा नुसत्या कात्रीसाठी होता. सुटलेले दोरे कापायची लहानशी, काळ्या मुठीची कात्री. नवरा होता तेव्हाही ती तिथेच टांगलेली असायची, नवरा गेल्यावरही तिथेच. तिला दुसऱ्या कुणी हात लावलेला काकूला खपायचा नाही.

वरच्या दोन खोल्यांत सासू आणि दीर. सासूचे गुडघे गेलेले, पण कान शाबूत. खाली दुकानात कोण काय बोललं ते तिला वर बसून कळायचं. दीर लग्नाचा राहिलेला. गाडी झकास चालवायचा, बोलायचा त्याहून झकास, आणि कुठल्याही नोकरीत फार दिवस रुजायचा नाही. पक्की नोकरी नाही म्हणून मुलगी मिळत नाही, आणि मुलगी मिळत नाही म्हणून नोकरीत लक्ष लागत नाही, असं त्याचं म्हणणं. काकू हसून सोडून द्यायची. भावजी घरात असले की घर बोलतं असायचं, एवढं तिला पुरे होतं.

काकूला कुत्र्यांचं वेड आहे असं कुणी म्हणालं की ती भडकायची. "वेड कसलं? मेल्या जिवाचं देणं आहे ते." हा मेला जीव म्हणजे ठकी, तिची पाळलेली कुत्री. म्हातारपणी ठकी नुसती पाणी पीत सुटली, खाईना, पोट फुगलं. काकूला वाटलं, काहीतरी वंगाळ खाल्लं असेल, जिरेल. दवाखान्यात नेलं तोवर उशीर झालेला. डॉक्टरीणबाईंनी हात धुता धुता सांगितलं, "गर्भाशयात पू झाला. तरुणपणी नसबंदी केली असती तर हे दुखणं झालंच नसतं."

"मला कुणी सांगितलंच नाही हो."

"आता मी सांगितलं ना? आता तुम्ही चौघांना सांगा."

काकू चौघांवर थांबणारी बाई नव्हे.

डॉक्टरीणबाई आणि त्यांच्याबरोबरची काही मंडळी मिळून एक शिबिर चालवत. गल्लीत गाडी पाठवायची, पाळलेलं असो की रस्त्यावरचं, जनावर न्यायचं, नसबंदी करायची, जखम सुकेपर्यंत सांभाळायचं, रेबीजची लस टोचायची आणि जिथलं तिथे आणून सोडायचं. ज्याला झेपत नाही त्याला सगळं फुकट. बदल्यात गल्ल्यांनी जमेल तसा हात लावायचा. कुणी खाणं द्यायचं, कुणी जुनी अंथरुणं. काकूने चादरी पत्करल्या. ऑपरेशनच्या टेबलावरच्या हिरव्या चादरी गाठोड्याने तिच्याकडे यायच्या. रक्ताला आधी गार पाणी दाखवायचं. गरम दाखवलं की डाग कापडाला धरून बसतो. मग उकळायच्या, वाळवायच्या, इस्त्री करून घड्या परत.

जनावर बेशुद्ध असतानाच त्याच्या डाव्या कानाचं टोक सरळ छाटत. तीच खूण. छाटलेला कान दिसला की समजायचं, याचं झालंय, पुन्हा धरायचं नाही. आमच्या गल्लीने तर या कानावर एवढा भरवसा टाकला होता की कुत्र्याचं तोंड बघायच्या आधी लोक कान बघायचे.

हा भरवसा फुकट आलेला नव्हता. दुकानासमोरचा सायकल दुरुस्तीवाला पहिल्या दिवशी किती आडून बसला होता. त्याचा कुत्रा दर हंगामात कुठल्या तरी कुत्रीमागे पळायचा आणि चार दिवसांनी फाटून परत यायचा.

"नको काकू. त्याची मर्दानगी जाईल."

"त्याची जाईल. तू कशाला मांड्या आवळून बसलास?"

सगळी गल्ली हसली, आणि दुसऱ्या दिवशी कुत्रा गाडीत बसला. नंतर तो घर सोडून कुठे गेला नाही. किराणा दुकानदाराच्या बोक्याने दारोदार धारा मारणं सोडलं. नाल्याच्या कडेला चाकाखाली आलेली पिल्लं दिसेनाशी झाली. कोपऱ्यावरच्या निवृत्त साहेबांना मात्र हे पुरेसं नव्हतं. त्यांना गल्ली साफ हवी होती, म्हणजे कुत्री उचलून गावाबाहेर. तेव्हा सगळ्यांसमोर काकूने त्यांना विचारलं, "पिल्लं वाढली नाहीत तर आहेत ती राहू द्याल ना?"

"आणि वाढली तर?"

"कान छाटलेल्या एकीलाही पिल्लं झाली तर कुत्री उचलणारी पालिकेची गाडी मी स्वतः बोलावीन. न्या सगळी."

"लोकांसमोर बोलताय."

"मग काय कपाटात तोंड घालून बोलू?"

शब्द दिला तो असा. शिबिराच्या गाडीचा चालक सोडून गेला तेव्हा काकूने भावजींचं नाव सुचवलं, तोही असाच एक शब्द. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुमचा माणूस आहे म्हणून घेते हं." काकू म्हणाली, "माझाच समजा."

राहता राहिली भुरी.

भुरी रस्त्यावरची, पण झोपायला काकूच्या टेबलाखाली. वर इस्त्री चालायची, खाली उबेत ती. दुसऱ्या कुणी हात पुढे केला की दात दिसायचे. काकूचा हात मात्र तिला आंधळेपणाने चालायचा. कानात बोट घालून गोचीड काढली तरी डोळा उघडायची नाही. तिच्या मागच्या वेतातलं एक पिल्लू रस्त्यापलीकडच्या गोदामात गेलं होतं. मोठं झाल्यावर त्याने चोराला असं धरून ठेवलं की गोदामवाला येईस्तोवर चोर बिचारा स्वतःच सोडवायला हाका मारत होता. तेव्हापासून गोदामवाला भुरीकडे आशेने बघायचा. काकूने त्याला सरळ सांगितलं होतं, "दुकान बंद झालं. आता माल यायचा नाही."

भुरी माजावर आली आणि गल्लीत कुठकुठली कुत्री येऊन गुरगुरायला लागली. भावजी म्हणाले, "वहिनी, आज गाडी इकडूनच जाणार आहे. घालून टाका हिला. मी हात लावला तर बोटं परत मिळायची नाहीत."

काकूने पिंजरा टेबलाशेजारी ठेवला. आत स्वतःचं जुनं लुगडं पसरलं. भुरीने वास घेतला, काकूकडे पाहिलं आणि आत जाऊन बसली. दार काकूनेच लावलं. कडी पडली तेव्हा भुरी दचकली, पण ओरडली नाही. गाडी वळेपर्यंत ती जाळीतून काकूकडेच बघत होती.

"लाडकीला सासरी पाठवल्यासारखं काय बघताय?" भावजी खिडकीतून हसले. "परत आणतो की."

त्या दिवशी कात्री जागेवर नव्हती. काकूने सगळं टेबल पालथं घातलं. संध्याकाळी भावजींनी खिशातून काढून दिली. गाडीच्या सीटचं कापड उसवलं होतं, दोरा कापायला नेली, म्हणाले. सांगून न्यायला काय झालं होतं, म्हणून काकू दोन शब्द बोलली. पात्यांच्या सांध्यात तांबूस काहीतरी अडकलेलं होतं. पांढऱ्या कपड्याला गंज लागायचा, म्हणून तिने ती राखेने घासली, पुसली आणि खिळ्यावर अडकवली.

भुरी परत आली ती डावा कान छाटून. गाडीतून उडी मारली आणि टेबलाकडे न येता थेट समोर सायकलवाल्याच्या बाकाखाली जाऊन बसली. काकूने हाक मारली. भुरी उठली आणि आणखी आत सरकली. काकूचं तोंड उतरलं, पण ती बोलून दाखवणारी नव्हती. ठीक आहे, पिंजऱ्यात कुणी घातलं ते तिला कळतं. रुसेल चार दिवस. जिवाचं भलं झालं ना?

चार दिवसांचे आठवडे झाले. रुसवा गेला नाही, आणि भुरी अंगाने भरायला लागली.

"काकू, तुमची भुरी जरा जडावलीय," सायकलवाला म्हणाला.

"ऑपरेशननंतर चरबी धरते. तुझ्या कुत्र्याने नाही धरली? आणि तू कुठे वाळलायस?"

साहेब फिरायला निघाले की भुरीसमोर थांबायचे, काठी टेकून निरखायचे. काकू आतूनच म्हणायची, "कान बघा साहेब, कान. पोट काय, तुमचंही पुढे आलंय."

लोक हसायचे. पण एक गोष्ट काकूला टोचत होती. ज्या भावजींनी आजवर कुत्र्याला उष्टा तुकडा टाकला नव्हता, ते आता रोज दूध-पाव घेऊन भुरीपुढे ठेवत होते. विचारलं तर म्हणाले, "तुमच्याशी बोलत नाही म्हणून मनधरणी करतोय, वहिनी." काकूला तेव्हा बरंच वाटलं होतं. आपल्यासाठी घरात कुणीतरी एवढं करतंय.

डॉक्टरीणबाई लशीच्या फेरीवर गल्लीत आल्या. दुपारची वेळ, रस्ता मोकळा. काकूने त्यांना बाजूला घेऊन म्हटलं, "भुरीला एकदा बघाच. लोकांची तोंडं बंद होतील." आताशा भुरी सायकलवाल्याच्या हाताला येत होती. त्याने तिला धरलं, डॉक्टरीणबाईंनी पोटाखाली हात घातला आणि तिथेच थांबल्या. मग केस फिरवून पोट पाहिलं. पुन्हा पाहिलं.

"हिचं कुठे झालंय ऑपरेशन? टाका कुठे आहे?"

"तुमच्याचकडे. कान नाही का बघितला?"

"हा कान मी नाही छाटला. कडा बघा, कुरतडल्यासारखी आहे. काकू, ही माझ्याकडे आलीच नाही. तुमचे दीर म्हणाले, भुरी सापडली नाही, तुम्हीही दमलात शोधून. आणि आता ही भरत आलीय. आठवडाभरात विईल. आता मी हात लावणार नाही."

काकूला बसायला काही नव्हतं म्हणून ती सायकलच्या उलट्या चाकाला धरून उभी राहिली. चाक फिरलं, तिचा हात घसरला.

"लोक काय म्हणतील ठाऊक आहे?" डॉक्टरीणबाई हळू आवाजात म्हणाल्या. "म्हणतील, ऑपरेशन करूनही पिल्लं होतात, कशाला न्या. पलीकडच्या वस्तीने परवा कुठे हो म्हटलंय."

काकूने ऐकलं, पण तिचं लक्ष समोर होतं. आपल्या दुकानात, उजव्या अंगाच्या खिळ्याकडे. कात्री तिथे टांगलेली होती. गंज नव्हता तो. त्या दिवसापासून गल्लीतल्या सगळ्यांच्या कपड्यांचे दोरे तिने त्याच पात्यांनी कापले होते.

संध्याकाळी भावजी जिन्याने वर गेले तशी ती मागोमाग गेली. कात्री हातात होती, ती त्यांच्या ताटाशेजारी ठेवली.

"भुरीचा कान हिच्यानेच ना?"

भावजी आधी हसले. मग कात्रीकडे पाहिलं आणि हसू कुठे ठेवावं ते त्यांना कळेना. "कुणी सांगितलं?"

"तिच्या पोटाने."

"वहिनी, बसा तरी. गोदामवाल्याला पिल्लं हवी होती तिचीच. त्याचा दुसरा कुत्रा तिथे होताच. म्हणाला, एवढं कर, गोदामाच्या ट्रकवर कायम घेतो. कायम. मला किती वर्षं झाली असं कुणी म्हणालं नव्हतं. कान नसता कापला तर तुम्ही विचारत बसला असता."

"शुद्धीत होती ती?"

भावजींनी ताट पुढे ओढलं.

"मी विचारतेय. कान कापला तेव्हा शुद्धीत होती?"

"पोतं टाकलं होतं तोंडावर."

काकूने कात्री त्यांच्या ताटाला आणखी टेकवली. मग म्हणाली, "तुम्हाला ती चावली असती, भावजी. पकडता आलीच नसती. म्हणून माझा हात वापरलात."

"कुत्रीच आहे हो शेवटी."

"मी कुठे कुत्रीचं बोलतेय?"

इतका वेळ भिंतीला टेकून बसलेली सासू आता बोलली. "झालं ते झालं. घरातलं घरात ठेव. गल्लीला सांगशील तर त्याला कोण मुलगी देईल? म्हण, डॉक्टरांकडून चुकलं. त्यांचं काय जातंय? ते शिकलेले लोक, निभावून नेतील."

"आणि मी दिलेला शब्द?"

"शब्द गल्लीला दिलास. मीठ या घरचं खातेस."

"दुकान मी चालवते, आई. मीठ मी आणते." एवढं बोलून काकू खाली आली. आवाज चढवला नव्हता. खालच्या गिऱ्हाइकाला कळलंही नाही.

भुरी सायकलवाल्याच्या बाकामागे, जुन्या टायरांच्या वेटोळ्यात व्याली. सकाळी बातमी गल्लीभर. साहेब आले, त्यांच्यामागे बाकीचे. जिचा बोका शिबिरात जाऊन आला होता ती शेजारीण म्हणाली, "आमच्या बोक्याचंही खरं झालंय की नुसता कान?" दुसरी म्हणाली, "मी तर आता मांजर पाठवणारच नाही." साहेबांनी काठी टेकली. त्यांचा आवाज आज चक्क मऊ होता. "काकू, बोलावताय ना गाडी? की मी बोलावू?"

शेवटचा दरवाजा अजून उघडा होता. डॉक्टरीणबाईंकडून चुकलं, एवढंच म्हणायचं. वरच्या खिडकीत सासू बसलेली होती आणि तिच्यामागे भावजी उभे होते.

काकूने इस्त्री बंद केली, उभी करून ठेवली आणि रस्त्यावर आली.

"हिचं ऑपरेशन झालंच नव्हतं. शिबिरात गेलीच नाही ही. पिंजऱ्यात मी घातली, गाडीतून माझ्या दिराने गोदामात नेली आणि कान माझ्या कात्रीने कापला. पिल्लांसाठी. डॉक्टरांचा यात काही दोष नाही. ज्यांची जनावरं जाऊन आली त्यांनी मादीचं पोट बघा, नराचं शेपटीखाली बघा, टाका सापडेल. नाही सापडला तर माझ्याकडे या."

 वरची खिडकी लागल्याचा आवाज तेवढा आला.

"तुमच्याच घरचा माणूस?" साहेबांनी विचारलं.

"हो. आणि शिबिरात मीच लावला होता. गाडी बोलवायची तर बोलवा, मी शब्द फिरवत नाही. फक्त ज्यांचे कान खरे आहेत त्यांना कशापायी नेता ते मला समजावून सांगा."

साहेब काठीने जमीन टोकरत राहिले. मग म्हणाले, "हिची पिल्लं सुटी झाली की हिला न्यायची. आणि यावेळी टाका मी बघणार." ते गेले तसे बाकीचेही पांगले. बायका आपापल्या दारात जनावरं उलटी पाडून पोटं चाचपायला लागल्या. बोका त्या शेजारणीला ओरबाडून पळाला, पण शेपटीखालची खूण सापडली होती.

भावजींना ट्रकची नोकरी लागली. पिल्लू न देताही लागली. गोदामवाल्याला चालक हवाच होता. तिकडेच खोली मिळाली. जाताना सासू म्हणाली, "मी माझ्या मुलाबरोबर जाते." काकूने तिच्या औषधांची पिशवी भरून दिली, सगळ्या साड्या इस्त्री करून गाठोडं बांधलं. भावजी ट्रकजवळ उभे होते. "वहिनी, येत जाईन मी," म्हणाले. तिने गाठोडं पुढे केलं आणि फक्त म्हणाली, "खालून धरा, घड्या मोडतील."

पिल्लं शिबिराच्या ओळखीने घरोघर गेली. मोठी झाली की नसबंदीला आणायची, या अटीवर. मग भुरीची पाळी आली. गाडी आली तेव्हा पिंजरा काकूच्या टेबलाशेजारी नव्हता, समोरच्या बाकाजवळ होता. काकू दिसली तर भुरी पळाली असती, म्हणून तिने दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलं आणि आत अंधारात उभी राहिली. सायकलवाल्याने भुरीला घातलं, तोच बरोबर गेला, जखम सुकल्यावर तोच घेऊन आला. कान पुन्हा छाटायला काही उरलंच नव्हतं. रस्त्याने जाणाऱ्याला ती आधी होती तशीच दिसली. साहेब येऊन वाकले, सायकलवाल्याने तिचा पाय उचलून धरला, ते मान हलवून गेले.

काकू दुकानाच्या उंबऱ्यावरूनच म्हणाली, "टाका आहे?"

"आहे काकू. बोटभर. सरळ."

"स्वतः बघितलास?"

"आत्ताच सगळ्यांनी बघितला की."

काकू त्याच्याकडे बघत राहिली. या माणसाने आजवर तिला एका पंक्चरचंही खोटं सांगितलं नव्हतं. तिने फोन काढला आणि तिथेच, त्याच्यासमोर, डॉक्टरीणबाईंना लावला. "भुरीचं तुम्हीच केलंत ना? तुमच्या हाताने?" पलीकडून काय आलं ते ऐकून घेतलं. "बरं. चादरी पाठवा." फोन ठेवला.

सायकलवाल्याने नजर खाली घातली. मग पाण्याच्या घमेल्यात ट्यूब दाबली, बुडबुडे कुठून येतात ते बघत म्हणाला, "विचारा, विचारा. मी पण विचारलं असतं."

काकू आत गेली. उजव्या अंगाचा खिळा मोकळाच होता. नवी कात्री ती आता कमरेला खोचून ठेवते. टेबलाखाली तिने भुरीसाठी पुन्हा पसरलेलं जुनं लुगडं होतं, तसंच. तिने इस्त्री लावली. समोर बाकाखाली भुरीने एकदा डोळा उघडला, इस्त्रीच्या आवाजाकडे पाहिलं आणि पाठ फिरवून झोपली.